बाजाराच्या दिवशी एक

गुरुवारी दुपारी गावातली कुत्रीसुद्धा सावली धरून निजलेली असतात. बाभळीचं पान हलत नाही. लांब माळावरच्या पवनचक्क्या तेवढ्या फिरतात, त्याही कंटाळल्यासारख्या. अशा वेळी दीक्षाच्या मेडिकलात फ्रीजच्या घरघरीशिवाय आवाज नसतो, आणि मग फोन वाजतो.

"मी शरयू. वाईहून."

दर गुरुवारी हेच, जणू दीक्षाच्या फोनवर त्यांचं नाव उमटतच नाही.

दोघींची गाठ एका स्टीलच्या डब्यानं घातली होती. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या औषध दुकानदारांची सांगलीत सभा झाली, तिथं एकट्यानं दुकान चालवणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि जोड्या लावल्या. आठवड्यातून एकदा जोडीदाराला फोन करायचा. वर्षातून एकदा त्याच्या दुकानात जाऊन दिवसभर नुसतं बसायचं, बघायचं. कुणी कुणाचा साहेब नाही. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही, विचारायचं. विचारत गेलं की माणसाला आपलं आपल्यालाच दिसतं, असं तिथं सांगितलं.

शरयूताईंना हा नियम म्हणजे कडक उपास. वाईच्या घाटाजवळ त्यांचं दुकान. यजमान गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं, आणि औषधाइतकाच सल्ला दिला. "आता मी जीभ चावली बरं का," त्या फोनवर म्हणायच्या. "अगदी ओठावर आलं होतं. असो. तू पुढे बोल."

सुरुवातीला दीक्षाला हे सगळं खूळ वाटलं. काय बोलायचं परक्या बाईशी? पण शरयूताईंनी एकदा विचारलं, "या आठवड्यात तुझ्याशी कोण बोललं?" ती म्हणाली, "दिवसभर माणसंच असतात की दुकानात." "ती औषधाशी बोलतात गं," त्या म्हणाल्या, "तुझ्याशी कोण बोललं?"  त्या आठवड्यापासून दीक्षा गुरुवारची वाट बघू लागली.

दीक्षा मूळची इस्लामपूरची, उसाच्या हिरव्या मुलखातली. लग्न होऊन जत तालुक्याच्या या कोरड्या टोकाला आली. नवरा महेंद्र फौजेत, वर्षातून दोनदा घरी. सासू-सासरे एकामागोमाग गेले आणि घर मोठं झालं. सकाळी दुकान, दुपारी दुकानातच डबा, संध्याकाळी दुकान. लोक खिडकीशी येतात, कुणी मराठीत खोकतं, कुणी कानडीत. "अक्का, मात्रे कोडी," म्हणत म्हातारा हात पुढं करतो, ती गोळ्या देते. प्रत्येकाचं दुखणं तिला ठाऊक. तिचं डोकं दुखलं तर मात्र ती स्वतःच गोळी काढून स्वतःलाच देते, आणि सवयीनं म्हणते, जेवून घ्या हं.

गावात अक्षर न वाचणारी माणसं अजून आहेत, आणि वाचणाऱ्यांतली बरीचशी कानडी वाचतात. म्हणून दीक्षा गोळ्यांच्या कागदी पाकिटावर चित्रं काढायची. सकाळच्या गोळीला सूर्य. रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. जेवणानंतरची असेल तर शेजारी ताट. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या थोड्या असतात, पण त्या विसरल्या तर वाईट आणि रोज घेतल्या तर त्याहून वाईट. त्यांच्यासाठी तिनं पाटी काढायला घेतली, बाजाराला नेतात ती वेताची पाटी. सोमवार-शुक्रवार कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, पण गावचा मंगळवारचा बाजार कुणी विसरत नाही. पाटी काढायची आणि तोंडानं सांगायचं, बाजाराच्या दिवशी एक.

ही पाटी तिनं सांगलीच्या सभेत पडद्यावर दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. कितीकांनी फोनवर फोटो काढले. शरयूताईंनीही काढला. घरी येताना एसटीच्या खिडकीशी बसून दीक्षा पहिल्यांदाच आपल्यावर थोडी खूश झाली होती.

शालूबाई दर मंगळवारी यायची. साठी उलटलेली, सडसडीत, डोक्यावर पाटी. पाटीत फण्या, कंगवे, रिबिनी, सुया, काळी पोत. बाजारात बसण्याआधी ती मेडिकलच्या पायरीवर पाटी उतरवायची, पाणी मागायची आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणायची:

*वाराला एक गाव, गावाला एक वाट*
*पाटीच्या मागं मागं उगवती माझी पहाट*

दीक्षाला ती चाल आवडायची. तिची आजी जात्यावर अशीच गायची. चाल ऐकता ऐकता शब्दांकडं लक्ष जात नसे.

शालूबाईची बोटं बाभळीच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. एका मंगळवारी ती मिरजेच्या डॉक्टरांचा कागद घेऊन आली. सांधेवाताची गोळी, आठवड्यातून एकदा.

"सबंध पट्टी दे," ती म्हणाली. "माझं काय, गाडी चुकली की तुझा मंगळवार चुकतो."

दीक्षानं पट्टी पाकिटात घातली, वर पाटी काढली. काढताना पेन अडलं आणि काठाची रेघ एका जागी तुटली.

"ही पाटी, शालूबाई. बाजाराच्या दिवशी एक. ध्यानात राहील?"

शालूबाईनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. वाकड्या बोटानं काठाची रेघ चाचपली. मग आवाज न करता हसली.

"बरोब्बर काढलीस गं. मोडका वेतसुदिक काढलास."

आणि तिनं ते पाकीट इतर औषधांसारखं पिशवीत न टाकता चोळीत ठेवलं.

पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा गुणगुणत नव्हती. "तोंड आलंय," म्हणाली. "भाकरीचा तुकडा झोंबतोय." खिडकीशी गर्दी होती. दीक्षानं व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, तोंडाला लावायचं मलम दिलं आणि म्हणाली, "तिखट खाऊ नका." पाणी द्यायचं तेवढं राहिलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी शरयूताई दुकानात बसायला यायच्या होत्या.

वाईहून सातारा, साताऱ्याहून सांगली, सांगलीहून जत, आणि जतहून वडापच्या जीपमध्ये मेंढपाळांच्या घोंगड्यांना टेकून. आदल्या संध्याकाळीच पोचल्या. सुती साडी, पायात जाड मोजे, पिशवीत पेढे. दीक्षाच्या घरातली रिकामी खोली बघून त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जेवताना म्हणाल्या, "दुकानात मी दिवसभर बोलते. घरी आलं की आवाजच बसतो. कुणाशी बोलायचं नसलं की घसा आपणहून मिटतो बघ." दीक्षानं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. त्यांना नको होता, पण त्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्या फ्रीजमागच्या स्टुलावर बसल्या. नियमाप्रमाणे गप्प. बाजाराचा दिवस, समोर माणसांची रीघ. दीक्षा सूर्य काढत होती, चंद्र काढत होती, दोन-तीनदा पाटीही काढली. एका म्हातारीनं शरयूताईंकडं बोट दाखवून विचारलं, "ही कोन? सासू व्हय?"

"न्हाई, जोडीदार हाय माझी," दीक्षा म्हणाली.

"बाई बाई," म्हातारी म्हणाली, "आता बायकांच्याबी जोड्या लावाय लागले." आणि रांगेतली माणसं हसली. शरयूताईंनी तोंडाला पदर लावला.

दिवेलागणीच्या आधी गर्दी ओसरली. समोरच्या बाजारात पालं उतरायला लागली. दीक्षानं दोन कप चहा आणला.

"आता विचारू?" शरयूताई म्हणाल्या.

"विचारा."

"आज कोण यायला हवं होतं आणि आलं नाही?"

दीक्षाला वाटलं होतं, त्या तिच्या कामाबद्दल विचारतील.  "शालूबाई," ती म्हणाली. "दर मंगळवारी येते. पाणी पिते. आज नाही आली."

"कोण ही?"

"बाजारात बसते. फण्या, कंगवे, असलं विकते."

"इथंच?"

दीक्षानं हो म्हणायला तोंड उघडलं. तिच्या लेखी शालूबाई मंगळवारची होती. मंगळवारी उगवायची, मंगळवारी मावळायची. बाकीचे दिवस ती कुठं असते, हा प्रश्न आजवर पडलाच नव्हता. आणि मग इतके महिने नुसती कानावर पडणारी ती ओळ शब्दांसकट तिच्यापुढं येऊन उभी राहिली. वाराला एक गाव.

कप तिनं काउंटरवर ठेवला.

"ताई, ती रोज बाजाराला जाते. आणि तिच्या पाकिटावर मी पाटी काढलीय."

शरयूताईंना गोळीचं नाव सांगितलं तेव्हा त्याही उठल्या. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

बाजारात दादासो लसणाची पोती आपल्या छोटा हत्ती टेम्पोत भरत होता. शालूबाईच्या शेजारी बसणारा तोच.

"शालूबाई? ती गेल्या शुक्रवारपास्नं कुठल्याच बाजारात न्हाई, म्याडम," तो म्हणाला. "तिची जागा मोकळी ठिवतोय मी. का, काय झालं?"

"घर माहीत आहे?"

"हाय की. वढ्याच्या पल्याड. पर तिथवर चालत न्हाई जमायचं. चढा माझ्यात."

टेम्पोत लसणाचा वास होता. दोघी पुढं दाटीनं बसल्या. दोन्ही बाजूंना कुसळं, मधेच एखादं मेंढरांचं खांड.  दादासोनं एकदा विचारलं, "मरंल का काय म्हातारी?" आणि उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं गाडीचा वेग वाढवला.

एकच पत्र्याची खोली. आत अंधुक. खुंटीला पाटी टांगलेली, वर जुनं लुगडं घातलेलं, लेकराला झोपवून पांघरूण घालावं तसं. खाली घोंगड्यावर शालूबाई. ओठ फुटलेले, कोपऱ्यात रक्त सुकलेलं. अंग तापानं फणफणत होतं.

"तू गं?" ती म्हणाली. तोंड उघडताना तिचे डोळे मिटले. "येवढ्या लांब?"

दीक्षा तिच्याजवळ बसली. "शालूबाई, त्या पाटीच्या गोळ्या किती राहिल्या?"

"संपल्या की."

"कशा घेतल्यात?"

"तू सांगितलं तशाच. पाटी उचलली की एक." ती थांबली, दम घेतला. "डॉक्टर कायबाय म्हनला हुता, आठवडा का काय. पर तू तर माजी पाटी काढून दिलीस. मला वाटलं, हिनं माज्यापुरतं येगळं सांगितलंय."

तिनं उशाखालून पाकीट काढलं. आत काही नव्हतं. ते चुरगळलंही नव्हतं. चार बाजूंनी हातानं दाबून सपाट केलेलं, देवाचा फोटो जपावा तसं. वर निळ्या शाईची पाटी आणि काठाला तुटलेली रेघ. दीक्षानं वर बघितलं. लुगड्याखालून खुंटीवरच्या पाटीचा काठ दिसत होता. त्याचा वेत नेमका तिथंच मोडला होता.

"माझ्या पाटीचं चित्र कुणी काढलं न्हवतं बाई," शालूबाई म्हणाली.

शरयूताई दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "दादासो," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "पोती खाली उतरवा. हिला झोपवायला जागा हवी."

मिरजेत डॉक्टरांना दीक्षानं सगळं सरळ सांगितलं. गोळी कुठली, किती दिवसांत किती गेल्या, कुणाच्या चित्रामुळं. तिनं शब्द मऊ केले नाहीत. रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या, पण उतारा होता आणि तो सुरू झाला. "अजून दोन-तीन दिवस गेले असते तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या खाटेकडं वळले.

सकाळी दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्याशी शरयूताई म्हणाल्या, "मला पहिली गाडी धरायला पाहिजे. मीही काढते ती पाटी, दीक्षा. सभेतून आल्यापासून."

दीक्षानं चहाचे पैसे दिले.

"माझ्याकडे एक भाजीवाली आहे," त्या म्हणाल्या. "आणखी कोण कोण, आठवावं लागेल."

त्या रस्ता ओलांडून गेल्या. जाड मोज्यांतली त्यांची पावलं त्या दिवशी फार भराभर पडत होती.

शालूबाईला तोंडानं खाता यायला लागलं तेव्हा दीक्षा तिच्यासाठी पातळ खीर घेऊन गेली. खाटेशी बसली. हे सांगितल्यावाचून दुकानाची खिडकी पुन्हा उघडणं तिला जमणार नव्हतं.

"शालूबाई, चूक माझी झाली. ती गोळी आठवड्याला एकच घ्यायची होती. पाटी म्हणजे गावचा बाजार. मी सगळ्यांनाच काढून देते ती."

शालूबाईनं चमचा खिरीत टेकवला.

"सगळ्यास्नी?"

"हो."

"मग ती माजी न्हवती."

"नव्हती."

"त्यो मोडका वेत?"

"पेन अडलं होतं."

शालूबाईनं खीर बाजूला ठेवली. ती रागावली नाही. रागावली असती तर दीक्षाला बरं वाटलं असतं. तिनं नुसती कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. वाकडी बोटं पांघरुणाबाहेर राहिली होती. दीक्षानं ती झाकली, तेव्हाही ती वळली नाही.

डॉक्टरांनी ती गोळी कायमची बंद केली. शालूबाई घरी आली, आणि काही आठवड्यांनी दादासोनं सांगितलं, बाजारात बसाय लागली म्हातारी. त्या मंगळवारी दीक्षानं काउंटरवर पाण्याचा तांब्या भरून ठेवला. शालूबाई मेडिकलच्या पायरीवर आली नाही. रस्त्याच्या पलीकडूनच गेली, पाटी डोक्यावर, मान सरळ. पुढच्या मंगळवारी तसंच. पाण्यासाठीसुद्धा ती थांबली नाही.

चित्रं दीक्षानं थांबवली नव्हती. सूर्य होता, चंद्र होता. पाटी तेवढी नव्हती. आठवड्याची गोळी आता ती एकेकच द्यायची, माणसाला समोर बसवून. झालेलं सगळं तिनं दुकानदारांच्या संघटनेत कळवलं होतं. फोटो काढणाऱ्या सगळ्यांना निरोप गेले. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी फारसं बोललंही नाही.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"मी शरयू. वाईहून." आवाज दमलेला होता. "भाजीवाली सापडली. तिनं गोळ्या घेतल्याच नव्हत्या. म्हणाली, रोज पाटी उचलते, रोज गोळी कोण खाणार. आळशी म्हणून वाचली गं. इतकी खूश झाले तिच्या आळसावर, की काही बोललेच नाही."

दीक्षा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून ते हसू मधेच तुटलं.

"ताई," ती म्हणाली, "ती समोरून जाते. बघत नाही. मी काय करू ते सांगा ना. आज नियम राहू दे."

 वाईच्या दुकानातलं घड्याळ ऐकू येत होतं. शरयूताईंच्या ओठावर कितीतरी आलं असेल. त्यांनी ते सगळं गिळलेलं दीक्षाला जवळजवळ ऐकू आलं.

"एवढंच विचारते," त्या शेवटी म्हणाल्या. "ती तुझ्या पायरीवर यायची. तू कधी तिच्या पाटीपाशी गेली होतीस?"

मंगळवारी भर बाजारात दीक्षानं दुकान बंद केलं. खिडकीशी उभ्या माणसाला म्हणाली, "थोडं थांबा, मामा. येते." तो आ वासून बघत राहिला, मेडिकलची बाई रस्ता ओलांडून बाजारात शिरताना त्यानं कधी पाहिली नव्हती.

लसणाच्या ढिगाशेजारी शालूबाई बसली होती. पाटी पुढ्यात. समोर कुणी आलंय एवढंच तिला जाणवलं. तिनं वर न बघता विचारलं, "काय पायजे? फणी का कंगवा?"

दीक्षा मातीत बसली. पाटीच्या काठाचा मोडका वेत तिच्या गुडघ्याला लागत होता. शेजारून दादासो काहीतरी बोलणार होता, पण त्याला गिऱ्हाईक आलं.

"शालूबाई," ती म्हणाली, "तुमचा आठवडा कसा असतो?"

शालूबाईनं मान वर केली. बराच वेळ ती दीक्षाच्या तोंडाकडं बघत राहिली, उन्हात डोळे बारीक करून. मग तिनं रिबिनीचा गुंडा हातात घेतला आणि तो सोडवता सोडवता, दीक्षाकडं न बघता, सांगायला लागली. सोमवारचं गाव सांगितलं, तिथं चढ आहे आणि वडाखाली बसायला जागा मिळते. मंगळवारी हे. बुधवारच्या गावात पोरी रिबिनी घेतात पण हुज्जत फार घालतात. गुरुवारचं गाव कानडी, तिथं ती कानडी बोलते. शुक्रवारी मेंढरांचा बाजार, सगळीकडं लेंड्या. शनिवारी लांबची एसटी.

 दीक्षानं पाटीतली एक फणी उचलली.

"आणि रविवारी?"

"रविवारी कुठं बाजार न्हाई. घरीच असती."

"घरी कोण?"

शालूबाईनं गुंड्याचं टोक शोधून काढलं.

"पाटी," ती म्हणाली.